खोलीतली गरमी उपसताना

दादांना घाम येत नव्हता. मानेखालचं अंग गेलेल्या माणसाला घाम येत नाही, हे भोरजवळच्या उत्रोलीला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्याकडं हिंगोलीच्या बाजूला ऊन याहून कडक. पण तिथं माणूस घामानं भिजतो, झाडाखाली टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि परत कामाला लागतो. दादांचं तसं नव्हतं. खोली तापली की ते तापायचे आणि खोली निवली की निवायचे. स्वतःचं असं काही त्यांच्या अंगाकडं उरलंच नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी दीड तास लाईट गेली तरी थर्मामीटर एकशे दोनवर. ताप आला की लघवीत जंतू व्हायचे, छाती भरायची. भोरच्या डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ह्यांचं औषध म्हणजे ही खोली. खोली गार तर माणूस ठीक."

वेल्ह्याकडं मामाच्या गावी हिरडा उतरवायला दादा झाडावर चढले होते, तिथून पडले. त्याआधी ते टेम्पो चालवायचे. मी आले तेव्हा या गोष्टीला दोन उन्हाळे होऊन गेले होते.

मी सातवीत शाळा सोडली. म्हणजे सुटली, धाकट्या भावंडांना कुणीतरी बघायला हवं होतं. पुढं नवरा गेल्यावर मुलीला आईकडं ठेवलं आणि पेशंट सांभाळायची कामं धरत धरत पुण्यापर्यंत आले, तिथून इकडं. मी मुळात घाबरट. फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं, मग मी नाव बघते. दादांच्या आईंना मी मावशी म्हणत असे. त्यांनी पहिल्या दिवशी माझी पिशवी हातातून घेतली आणि स्वतःच्या कपाटातला एक खण माझ्यासाठी रिकामा केला. एवढंच केलं, पण माझ्यासाठी असा खण कुणी कधी रिकामा केला नव्हता. सकाळी आम्ही दोघी बुद्धवंदनेला बसायचो. शब्द तेच, चाल वेगळी. त्यांची चाल लांबायची, मी आधी संपवून वाट बघत बसायचे. दादा आतून म्हणायचे, "आई, त्या ताईंना हळू म्हणाया शिकीव, न्हाईतर तू तरी गिअर बदल."

घर गावात नव्हतं, वस्तीवर होतं. चार घरं, मधे भाताची खाचरं, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर भुईमूग. दादांच्या खोलीत तेव्हा पुण्याच्या थोरल्या भाऊंनी बसवलेला नवा एसी होता, भिंतीवर लांबट पांढरा. तो चालू आहे की बंद हे बघायला हात वर करावा लागे, इतका मुका. त्याच्याआधीचा जुना खिडकीतला एसी, मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून भंगारात निघालेला, तो गोठ्यात नेऊन ठेवला होता. त्याच्या लोखंडी खोक्यात कोंबड्या अंडी घालत.

एसी काय करतो, हे मला भोरच्या मिस्त्रींनी समजावलं. साठीला आलेले, बोलके, पान खाणारे. उन्हाळा लागायच्या आधी जाळ्या धुवायला आले होते. मी विचारलं, हा गार हवा कुठून आणतो?

"आणत न्हाई वो बाई. ह्यो कुटनंबी गार आणत न्हाई. खोलीतली गरमी उचलतो आन भाईर नेऊन टाकतो. तुमी दादाच्या दंडाला इंजेक्शनच्या आदी स्पिरिट लावता का न्हाई?"

"लावते."

"उडून जाताना त्ये तुमच्या बोटाला गार लागतं. का? तर जाताना तुमची गरमी घिऊन जातंय. आतल्या नळ्यात गॅस तसाच उडतो, खोलीची गरमी पितो. मग भाईरचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलीत हवा भरताना पंप तापतोय न्हवं, तसा गॅस तापतो. तापला की भाईरच्या जाळीवर पंखा मारून ती गरमी वाऱ्यावर सोडायची. गॅस निवला, पाणी झाला, बारक्या नळीतनं परत आत. झालं. दिवसभर हीच हमाली."

"आणि जुना?"

"त्येचीबी हमाली हीच. पर त्यो एक तर जिवाच्या आकांतानं पळतो, न्हाईतर मेल्यावानी पडतो. मधलं काय न्हाई. खोली गार झाली की कट्, तापली की परत दणक्यात चालू. लाईट लई खातो. ह्यो नवा गड्यागत चालीनं चालतो, काम कमी आसंल तर पाय हळू टाकतो. म्हणून बिल कमी, आवाज न्हाई. पर त्या जुन्यात बिघडायसारखं हायच काय? एक मोटर, तांब्याच्या जाड नळ्या. नव्यात हितं भाईरच्या डब्यात एक पाटी हाय, बोर्ड. डोकं त्येचं. ती गेली की म्या काय करनार? कंपनीनं दिली तर बसवनार."

मला हे सगळं पटलं. आमच्या खोलीत पावसाचं पाणी शिरलं की आई घमेल्यानं उपसून दाराबाहेर टाकायची, ते आठवलं. गरमीही उपसायची असते आणि उपसून टाकायला बाहेर जागा लागते. हे कळल्यापासून मी रोज मागच्या अंगणात जाऊन त्या डब्यापुढं हात धरत असे. गरम वारा आला की बरं वाटायचं. दादांच्या खोलीतलीच गरमी ती.

मावशींना मात्र तो गरम वारा बघवत नव्हता. मिस्त्री बोलत होते तेव्हा त्या चुलीपाशी होत्या. त्यांच्या मनानं वेगळंच घेतलं. आपल्या लेकराला गार ठेवता ठेवता हा बिचारा तापलाय, असं. माठाला काय करतात? ओलं गोणपाट गुंडाळतात, पाणी गार राहतं. एका दुपारी त्यांनी दोन गोणपाटं विहिरीवर भिजवली आणि त्या डब्याला पुढून मागून गुंडाळून सुतळीनं बांधली. अधूनमधून येऊन वरून तांब्यानं पाणी घालत होत्या. मी तेव्हा भोरला दादांच्या लघवीची नळी आणि पिशव्या आणायला गेले होते. दादा खिडकीतून ऐकत होते. पाण्याचा आवाज येतोय म्हणून त्यांनी विचारलंही, "आई, काय करती?" त्या म्हणाल्या, "झाडांना घालते."

मी एसटीतून उतरून वस्तीवर पोचले तेव्हा खोलीत जळका वास होता आणि वरच्या पांढऱ्या पेटीवर लाल दिवा लुकलुकत होता.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. तोवर आम्ही ओल्या चादरी, पंखा, पाण्याच्या पट्ट्या, सगळं केलं. मिस्त्रींनी गोणपाट बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. फोनवर पुण्याहून थोरले भाऊ होते, चेहरा दिसत होता.

"नुसतं जाळीवर पाणी मारलं आसतं तरी येक येळ चाललं आसतं. ह्येचं तोंडच बांदलं की. गरमी जायाची कुटं? आन वरनं पाणी, त्ये गेलं बोर्डात. कुनी केलं ह्ये?"

"ताई, तुम्ही?" भाऊ फोनमधून म्हणाले.

व्हय म्हणावं असं माझ्या ओठापर्यंत आलं होतं. त्या खणाची शपथ, आलं होतं. पण मावशी आधी बोलल्या. "म्या. म्या बांदलं. त्येला ताप आल्यागत लागत हुतं हाताला."

भाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बरं, ठीक आहे आई," आणि फोन ठेवला.

बोर्ड मिळेना. ऐन उन्हाळा, सगळीकडं मागणी, आणि तो नमुना कंपनीनं बंद केला होता. आज येईल, सोमवारी येईल. भाऊ म्हणाले नवाच पाठवतो, पण बसवणाऱ्यांची तारीख लांबची होती. मिस्त्री म्हणाले, "तवर गोठ्यातला म्हातारा काढा."

कोंबड्या हाकलल्या, पेंढा काढला, मिस्त्रींनी जाळी धुतली, कॉम्प्रेसरची काळी टोपी उघडून काहीतरी बदललं. गॅस त्यात अजून होता, नशीब, कारण तसला गॅस आता सहजी मिळत नाही म्हणाले. दोन गडी लावून तो खिडकीत चढवला. बटण फिरवलं आणि भिंत थरथरली.

दादा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "ताई, दारात कोण दळान घिऊन आलंय बघा. म्हणावं गिरनी चालू झाली."

"ज्वारी हाय का गहू, इचार," मावशी म्हणाल्या.

"काय बी आसू दे, ह्येच्यात कोंबडीची पिसंबी दळून येनार."

आवाज इतका की एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. पण गार केलं त्यानं. मी खोटं बोलणार नाही, नव्यापेक्षा लवकर गार केलं. संध्याकाळपर्यंत दादांचा ताप उतरला. मी मोरीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन आले. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बंद पडला. बंद म्हणजे, नुसता घूं करायचा, आतून कट् आवाज यायचा, आणि गप. थोड्या वेळानं परत घूं, परत कट्. मिस्त्रींना फोन लावला.

"वस्तीवर मोटरी चालू हायेत का?"

मी दारात जाऊन ऐकलं. "आहेत."

"मग व्होल्टेज पडलंय. नव्याला कमी लाईटीत चालायची अक्कल हाय. म्हाताऱ्याला उटताना येकदम जोर लागतो, पुरी लाईट लागती. ती न्हाई मिळाली की उटताच येत न्हाई. नुसता धडपडतो. लई येळ तसं करू देऊ नका, जळंल."

आमची वस्ती आणि विहिरींच्या मोटरी एकाच डीपीवर, खांबावरच्या त्या एका ट्रान्सफॉर्मरवर. शेतीची लाईट एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. तो आठवडा दिवसाचा होता. जेव्हा ऊन डोक्यावर, तेव्हाच मोटरी.

मावशी डोक्यावर पदर घेऊन घराघरात गेल्या. मी दादांना सोडून जाऊ शकत नव्हते, दारातून बघत होते. वरच्या वावरातले तात्या वस्तीतले थोरले. त्यांच्याच बांधावर बोलणं झालं, वाऱ्यावर ऐकू येत होतं.

"तात्या, दुपारचं जरा बंद ठिवाल का मोटर? पोरगं तापतंय."

"वैनी, इचारायचं कशाला? सांगायचं. बाराला बंद करतो, उनं कलली की चालू करतो. बाकीच्यांना म्या सांगतो."

आणि खरंच बारा वाजता एकेक मोटर बंद पडत गेली. वस्ती एकदम गप्प झाली. मग मी बटण फिरवलं, आणि आमची गिरणी एकटी सगळ्या खाचरांवरून घुमायला लागली. नव्याच्या वेळी आमच्या घरात काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं. आता ती घरघर ऐकली की खालच्या घरातली बाई पाण्याला जाताना हाक मारायची, "चालू हाय ना वो ताई? दादा बरं हायेत ना?" माझ्या जिवाला मोठा आधार वाटायचा. परक्या मुलखात चार घरं माझ्या पेशंटसाठी थांबली होती. मी मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, त्यांच्या शेंगांचं काय मग?"

पोरीला कळलं ते मला कळलं नव्हतं. भुईमूग शेंगा भरायच्या टप्प्यावर होता. तेव्हाच त्याला पाणी लागतं. सकाळची लाईट कधी उशिरा यायची, कधी मधेच जायची. दुपारी बंद ठेवलं की दिवसाचं पाणी अर्ध्यावर. आठवडा सरत आला तशी वावरातली पानं दुपारी मिटून राहायला लागली. खालच्या घरातल्या बाईची हाक बंद झाली.

मग त्या आठवड्याच्या शेवटाला एका दुपारी आमचा म्हातारा चालता चालता दबला. आवाज जाड झाला, दिवे पिवळे झाले, कट्. बाहेर कुठली तरी मोटर सुरू झाली होती. मावशी तशाच अनवाणी निघाल्या. तात्याच होते. या वेळी ते बांधावर आले नाहीत, विहिरीपाशीच थांबले, त्यामुळं दोघांनाही आवाज चढवावा लागला.

"तात्या, तुमीच सांगितलं हुतं ना."

"सांगितलं हुतं वैनी. पर डोळ्यादेकत जळतंय. आज येक दिस."

"माजं पोरगंबी डोळ्यादेकत जळतंय तात्या."

तात्या म्हणाले, "मला काय बोलनार वैनी तुमी? माजंच मला खातंय." आणि त्यांनी मोटर बंद केली.

मावशी परत आल्या तेव्हा दादांनी सगळं ऐकलं होतं. खिडकीतला एसी बंद असला की त्या खोलीत सगळं ऐकू यायचं. मी बटणाला हात लावला तसे ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई."

"लाईट आलीय दादा."

"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना. आई, तात्यांना सांग मोटर लावा. समद्यांना सांग. त्येंनी काय माज्यावर पीक लावलंय का?"

"आरं पर तू..."

"म्या काय? म्या हायच हितं. दुपार ढळंल."

"डॉक्टर म्हनलेत..."

"डॉक्टरच्या वावरात भुईमूग न्हाई. जा तू. तू न्हाई गेलीस तर म्या पानीबी पिनार न्हाई आज."

दादा मोठ्यानं ओरडू शकत नसत, छातीत तेवढं बळ नव्हतं. हळूच बोलले. म्हणूनच मावशी गेल्या. थोड्या वेळानं एकेक मोटर लागत गेली, पाटातून पाणी वाहायचा आवाज आला. दादांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोपलेत, पण ते ऐकत होते. "तात्याची मोटर घासती. बुश गेलंय," म्हणाले.

मी ओल्या पट्ट्या ठेवत राहिले. मानेला, काखेत, मांडीच्या सांध्यात. पट्टी ठेवली की गरम व्हायची, बदलली की परत गरम. घमेल्यानं उपसावं तसं मी दुपारभर त्यांच्या अंगातली गरमी उपसत होते आणि ती कमी होत नव्हती. टाकायला जागाच नव्हती, खोली त्यांच्याइतकीच तापली होती. ऊन उतरल्यावर गिरणी परत चालू झाली, खोली गार झाली, पण दादांचा ताप या वेळी खोलीबरोबर उतरला नाही. दुसऱ्या दिवशी ते बरळायला लागले. रुग्णवाहिका बोलावली. कामथडीच्या पुढं पुण्याच्या हायवेला गर्दीत गाडी अडकली. गाडीतला एसी नुसती हवा फेकत होता. ड्रायव्हर म्हणाला, "गॅस संपलाय ताई, काच उगडा."

दादा वाचले. पुण्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले, पण वाचले. मावशींशिवाय मी एकटी कधी वंदनेला बसत नाही, तरी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हटली, मावशींच्या लांब चालीत.

त्यांना घरी न्यायचं ठरवत होतो तेव्हा थोरले भाऊ वॉर्डाबाहेर आले. नवा बोर्ड आला होता, बसवूनही झाला होता. मावशींनी तेच सांगितलं, "बसवलाय रं. आता म्या त्येच्या जवळबी जानार न्हाई."

"आई, एसीचं नाही गं." भाऊ वाईट माणूस नाहीत. बोलताना त्यांचाही आवाज फुटत होता. "तिथं लाईटचा भरवसा नाही. आणि तुला आता सगळं झेपत नाही. एक केंद्र बघितलंय. जनरेटर आहे, चोवीस तास नर्स आहे, सगळी इमारत गार असते."

"माज्या हातनं झालं म्हनून?"

"तसं नाही."

"तसंच हाय," मावशी म्हणाल्या, आणि पुढं एक शब्द वाद घातला नाही. घातला असता तर कदाचित काही झालं असतं. पगारी बाई होते मी, सातवी शिकलेली, तिथं माझं काय चालणार. दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चालंल. वस्तीवर मोटरी तरी चालतील."

माझं उत्रोलीचं काम संपलं. मावशींनी खण रिकामा करू दिला नाही. म्हणाल्या, दोन साड्या राहू दे, येत जा. आता मी शिवऱ्याला एका आजींना सांभाळते. त्या स्वतः चालतात, त्यांना घाम येतो, काळजीचं फारसं काही नाही. तरी मी रात्रंदिवस काळजीत असते.

मागच्या महिन्यात मावशींबरोबर पुण्याच्या त्या केंद्रात गेले. जागा छान आहे, फरशी चकचकीत, कुठंही आवाज नाही. गार इतकं की मी पदर गुंडाळून घेतला. दादा पांढऱ्या चादरीत होते, चादर कमरेपर्यंत. हसले. "ताई, वजन वाढलं का तुमचं?" मावशींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग कानाला लावला, आणि माझ्याकडं बघितलं. मी कानाला हात लावला. गार. ओठांना निळसर छटा होती. त्यांना थंडी वाजल्याचं कळत नव्हतं, अंगच सांगत नव्हतं. मी थर्मामीटर मागितला. आकडा पंच्याण्णवच्या खाली होता.

नर्सबाई तरुण होती, चांगली होती. म्हणाली, "सगळ्या मजल्याला एकच सेटिंग आहे मावशी, ते आमच्या हातात नसतं. मी ब्लँकेट देते." तिनं दिलं. मी ते हनुवटीपर्यंत ओढलं, खांद्याखाली दाबलं, पायांखाली घेतलं. मावशी त्यांचे तळवे चोळत बसल्या, त्यांना ते जाणवत नसलं तरी.

"आई, साडेचारची गाडी चुकंल," दादा म्हणाले.

स्वारगेटला आम्हाला भोर गाडीत बसायला जागा मिळाली. मावशी खिडकीशी बसल्या. गाडी कात्रजच्या घाटाला लागली तेव्हा म्हणाल्या, "पांगरून सरकलं तर त्येला वर वडता येत न्हाई. कोन वडत आसंल गं?"

"असेल की कुणीतरी," मी म्हणाले. "एवढ्या नर्सा आहेत."

त्यांनी मान हलवली. दोघींनाही माहीत होतं, दादा हाक मारणार नाहीत, सरकलेलं कुणाला दिसलं तरच कुणी ओढणार.